सकरचा उन्हाळा

चैत्र सरत आला की मायचा फोन येतो. या फोनवर ती तब्येत विचारत नाही, लेकरांचं विचारत नाही. उचलल्या उचलल्या म्हणते, "पाणी उतरलंय बग." मी परभणीत ऑफिसात बसलेली असते, डोक्यावरचा पंखा गरम हवाच फिरवत असतो, आणि तेवढ्या बोलण्यानं माझ्या नाकात ओल्या गाळाचा वास शिरतो. शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारतात, काय झालं, हसताय कशाला. त्यांना काय सांगणार? शनिवारी सकाळच्या गाडीनं पिंगळीला उतरायचं, तिथून जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं आणि टेकाड ओलांडल्यावर तळं दिसलं की मान बाहेर काढायची, एवढं मनात पक्कं झालेलं असतं.

आमचं गाव या तळ्याच्या काठावर आहे आणि आमची वस्ती त्याच्या अगदी कडेला. पावसाळ्यात तळं भरलं की ते गावापासून जरा लांबचं होतं, त्याच्याकडे नुसतं बघायचं. उन्हाळ्यात ते एकेक पाऊल मागे सरकतं आणि मागे सोडलेली जमीन आमच्या हाती देऊन जातं. आमच्या वस्तीत कुणाच्या नावावर शेत नव्हतं. पण पाणी उतरलं की गाळपेर असायची. उघड्या पडलेल्या काळ्या, लोण्यासारख्या गाळात माय खरबुजाचं बी टोचायची, कडेनं काकडी, मध्येच भेंडीची एखादी ओळ. खत लागायचं नाही, नांगर लागायचा नाही. शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत वेलांना पिवळी फुलं लागून त्यांची फळंही झालेली असत. खरबूज पिकलं की देठापाशी आपोआप सुटतं. त्याचा वास पहाटेच्या गारव्यात घरापर्यंत यायचा आणि माय डोळे मिटलेलेच ठेवून सांगायची, "आज बांधाकडचं पिकलं."

त्या गाळात शिंपले असायचे. पाणी मागे गेलं की ते आपल्या मागे एक बारीक रेघ ओढत ओल्याकडे सरकत जायचे. त्या रेघेमागून चालत गेलं की शेवटी हमखास शिंपला सापडायचा. मोठा रिकामा शिंपला सापडला की त्याची पाठ दगडावर घासायची, भोक पडलं की कैऱ्या सोलायचं हत्यार तयार. चाकूनं कैरी सोलणारी माणसं मला पुढे परभणीत भेटली, तेव्हा त्यांची दया आली होती.

आणि या सगळ्यात कौसामावशी. ती भोयांच्या घरची, मायची मैत्रीण. तिचा नवरा म्हणजे नामदेवकाका, ते तळ्यात जाळं टाकायचे आणि कौसामावशी टोपलीत मासे घेऊन दारोदार फिरायची. मरळ, वाम, शिंगट्या, मूठभर झिंगे. आमच्या दारात टोपली उतरली की देणंघेणं ठरलेलं होतं. तिच्या टोपलीतला मासा आमच्या घरात आणि आमच्या वेलावरचं खरबूज तिच्या रिकाम्या टोपलीत. कोणी मोजलं नाही. दोघी मग उंबऱ्यावर बसून तंबाखू मळायच्या आणि पाण्यावरून भांडायच्या. गाळपेरवाल्यांनी वेलांना पाणी ओढलं की तळं लवकर आटतं, असं मासेवाल्यांचं म्हणणं. मासेवाले वेल तुडवत जातात, असं आमचं. हे भांडण दर उन्हाळ्यात नव्यानं व्हायचं आणि खरबूज चिरलं की मिटायचं.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका उन्हाळ्यात काकांच्या जाळ्यात तो पहिल्यांदा आला. मी त्या दिवशी गावात होते. काका जाळं खांद्यावर टाकून आले आणि त्यांनी वस्तीच्या लिंबाखाली काहीतरी काळं ठेवलं. डोकं चपटं, अंगावर खवल्यांच्या जागी कवचं, त्यावर पिवळट नागमोडी रेघा, पंखांच्या कडेला करवतीसारखे काटे आणि तोंड गळ्याखाली, गोल. माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं मगरीचं पिल्लू आहे. कुणी म्हणालं हात लावू नका, देवाचं असेल. सोपानदादा मेंढरं घेऊन चालला होता, त्याचा कुत्रा पुढे आला आणि हुंगून मागे सरला. माय वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हे तर चिलखत घालूनच आलंय, कुणाशी लढायला आलंय कोण जाणे.

कौसामावशीच्या मुलानं, गणेशनं, ते ओळखलं. तो पुण्यात एका मोठ्या इमारतीत पहारेकरी आहे. त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, हा तर आमच्या इथे काचेच्या टाकीत असतो, काचेवरचं शेवाळ चाटून काढतो, याला सकर म्हणतात. शोभेच्या टाकीतला मासा आमच्या तळ्यात कसा आला, कुणी सोडला की कुठल्या पुरातून वाहत आला, हे आजवर कुणाला कळलं नाही. त्या दिवशी तो लिंबाखाली उन्हं कलेपर्यंत पडून होता. सगळ्यांना वाटलं मेला. काकांनी त्याला पायानं सरकवलं तर त्यानं शेपूट आपटलं.

पुढच्या वर्षी जाळ्यात चार मासे आपले आणि एक सकर, असं होतं. त्याच्या पुढच्या वर्षी उलटं झालं. सकर जाळ्यात आला की काटे अडकवून स्वतःला गुंडाळून घेतो. तो सुटत नाही, त्याला कापूनच काढावं लागतं. म्हणजे जाळं कापावं लागतं. काकांच्या दोन्ही हातांवर बारीक बारीक चिरा पडलेल्या असायच्या, त्यात पाणी जाऊन त्या पिकायच्या. कौसामावशी दिवसभर दारात जाळं शिवत बसायची आणि सकाळी ते पुन्हा फाटून यायचं. हा मासा गावात कुणी खात नव्हतं. टोपलीत तो ठेवला तर गिऱ्हाईक टोपलीकडेच बघत नव्हतं. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, तळाचं शेवाळ खरवडून काढतो, काठाला बिळं करतो. आमच्या गाळपेरीचा बांध एका रात्रीत ढासळला, बघितलं तर आत हातभर खोल भोकं.

मला मात्र तळं बिघडल्याचं सगळ्यात आधी शिंपल्यांनी सांगितलं. मी नेहमीसारखी उतरत्या पाण्याच्या कडेनं चालत होते. रिकामे शिंपले होते, मोठमोठे, पांढरे पडलेले. पण गाळावर रेघ नव्हती. एकही नव्हती. मी तशीच चालत दुसऱ्या काठापर्यंत गेले आणि परत आले. मायला सांगितलं तर ती म्हणाली, तिनंही दोन वर्षं रेघ बघितली नाही, पण बोलून दाखवलं तर खरं होईल म्हणून बोलली नाही.

त्याच सुमारास परभणीहून माशांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. तरुण होत्या, गाळात चप्पल रुतली तेव्हा चप्पल हातात घेऊन चालल्या. त्यांनी समजावून सांगितलं की शिंपल्याची पिल्लं अगदी बारीक असतात आणि जन्मल्यावर काही दिवस ती माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, तिथंच वाढतात, मग गळून तळाशी बसतात. आपले मासे कमी झाले की शिंपल्याच्या पिल्लांना जागा उरत नाही. मायला हे फार आवडलं. ती कौसामावशीकडे वळून म्हणाली, "म्हंजे बग कौसे, त्यांची लेकरं तुझ्या माशाच्या कडेवर बसून गाव हिंडतेत." बाई हसल्या आणि म्हणाल्या, अगदी तसंच. मग त्यांनी वाईट बातमीही सांगितली. हा मासा एकदा पाण्यात रुळला की पुरता जात नाही, जगात कुठंच गेलेला नाही. पण पावसाळ्यात तो अंडी घालायच्या आधी, पाणी सगळ्यात कमी असताना, मोठे मोठे सकर काढून टाकले तर बाकीच्यांना श्वास घ्यायला फट मिळते. हे दरवर्षी करावं लागेल आणि एकट्यादुकट्याचं काम नाही.

काकांनी ते ऐकून घेतलं आणि जाळं खुंटीला टांगलं. ते म्हणाले, आता दरवर्षी गाव कोण गोळा करणार? गणेशनं त्यांच्यासाठी पुण्यात एका सोसायटीच्या फाटकावर काम बघून ठेवलं होतं. पाऊस लागायच्या आत दोघांनी निघायचं ठरलं.

त्या संध्याकाळी कौसामावशी आमच्याकडे आली. टोपली नव्हती, म्हणून हात कुठं ठेवावेत हे तिला सुचत नव्हतं. ती म्हणाली, मला त्या फाटकात बसवणार हायत. दिवसभर कुणाच्या गाड्या आल्या, कुणाच्या गेल्या, ते बघायचं. माय भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. तव्यावरची भाकरी उलटून झाल्यावर तिनं विचारलं, "तुला जायचंय का?"

"न्हाई."

"मग नको जाऊस. तळं काय एकट्या तुझंच हाय?"

मायचं हे बोलणं मी विसरू शकत नाही. आयुष्यभर तिनं तळ्याच्या पाण्यावरून कौसामावशीशी वाद घातला होता आणि त्या दिवशी तिनं तेच तळं आपल्याही अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर जायला लागली. आमच्या वस्तीत, भोयांच्या घरात, धनगरांच्या वाड्यांवर, आणि ज्या आळीत ती एरवी कामाशिवाय जात नसे, त्या आळीतही. काही जण म्हणाले, मासे धरणं हे भोयांचं काम. ती म्हणायची, बांध ढासळला तो कुणाचा होता? दगडूआण्णांच्या गळ्यात माळ होती. ते पंगतीतही मासे खाणाऱ्याशेजारी बसायचे नाहीत. त्यांना ती भीत भीतच विचारायला गेली. आण्णा म्हणाले, मी त्या जिवाला हात लावणार न्हाई, पण खड्डा खंदून देतो.

वैशाखात तळं आटून दोन डोहांपुरतं उरलं तेव्हा गाव त्यात उतरलं. मी रजा टाकून गेले होते. पुरुषांनी धोतरं, लुंग्या वर खोचल्या होत्या, बायकांनी लुगड्यांचे कासोटे घातले होते. हातांना पोत्याचे तुकडे गुंडाळलेले. लहान लेकरांना काठावरच बसवलं होतं, तिथून ती ओरडून सांगायची, तिकडं पळाला, तिकडं. एका टोकापासून जाडसर जाळं धरून सगळे एका ओळीत पुढे सरकत होते. सकर तळाशी चिकटून बसतो, पायाला लागला की दगड वाटतो आणि मग दगड हलतो. मला त्याची भीती वाटली होती, पहिला हातात आला तेव्हा कीवही आली. त्याला कोणी विचारून आणलं नव्हतं. तोही आपला जगतच होता, फार नेटानं. पण मी तो टोपलीत टाकला. आपले मासे सापडले की लगेच दुसऱ्या डोहात सोडायचे, हे काकांनी सगळ्यांना बजावलं होतं. जाळं टांगून ठेवलेला माणूस त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे छातीभर पाण्यात होता.

दुपार चढत होती. ओळ दुसऱ्या डोहाच्या कोपऱ्यात पोचली आणि काका अचानक थांबले. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि सगळ्यांना मागे रेटलं. त्यांच्यापुढे पाण्यावर एक लालसर डाग हलत होता, पाणी उकळतं तसा. मरळीची पिल्लं होती, शेकड्यानं, एका घोळक्यात, आणि त्यांच्या खाली मरळ, काळी, लांब, त्यांच्याभोवती संथपणे फिरणारी. माणसांचा एवढा गोंगाट होता तरी ती पिल्लांना सोडून गेली नव्हती.

"हितं कुणी यायचं न्हाई," काका हळूच म्हणाले. "लेकुरवाळी हाय."

सगळं गाव कमरेइतक्या पाण्यात उभं राहून तिच्याकडे बघत राहिलं. काठावरची लेकरं बघायला टाचा उंचावून उभी राहिली. मग ओळ वळली आणि त्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे गेली.

उन्हं उतरेपर्यंत काठावर सकरचा ढीग पडला होता. दगडूआण्णांनी आणि दोन पोरांनी गाळपेरीच्या पलीकडे खोल खड्डे खणून ठेवले होते. आण्णा तोंड फिरवून उभे राहिले आणि ढीग आत गेल्यावर माती मात्र त्यांनीच ओढली. मायनं राखलेली सगळी खरबुजं त्या दिवशी चिरली. भोई, धनगर, आमची माणसं, माळकरी, सगळ्यांच्या कोपरांवरून रस ओघळत होता आणि सगळ्यांना सारखाच माशांचा वास येत होता. मी तेव्हा मनाशी म्हणाले, झालं, आता काका जात नाहीत.

काका गेले. गणेशनं सोसायटीला शब्द दिला होता आणि मुलाचा शब्द मोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पुण्याच्या गाडीत ते एकटेच चढले, कौसामावशी फलाटावरून परत आली. गावानं दोघांनाही बोल लावले नाहीत, पण तिच्या दाराकडे बघणं लोक टाळायला लागले.

पाऊस झाला, तळं भरलं. गणपती उठल्यावर एका सकाळी कौसामावशीनं खुंटीवरचं जाळं काढलं. बायकांनी जाळं टाकायचं नाही असं आमच्याकडे कुणी म्हटलेलं नाही, पण कुणी टाकलेलंही नव्हतं. थर्माकोलच्या तराफ्यावर एकानं वल्हवायचं आणि एकानं जाळं सोडायचं, म्हणजे दुसरं माणूस हवं. ती आमच्या दारात आली. मायला पोहता येत नाही. उभ्या जन्मात ती गुडघ्याच्या वर पाण्यात गेली होती ती फक्त त्या वैशाखात. कौसामावशीनं ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब तिच्या कमरेला बांधली आणि तिला तराफ्यावर बसवलं. हे मला कुणीच कळवलं नव्हतं. एका रविवारी मी न सांगता गेले तर घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, तुझी माय मासे धरायला गेलीय. मी धावत काठावर गेले. तळ्याच्या मधोमध दोन म्हाताऱ्या होत्या. एक उभी राहून जाळं सोडत होती आणि दुसरी ट्यूबमध्ये अडकलेली, वल्हं दोन्ही हातांनी छातीशी धरून, डोळे घट्ट मिटून बसली होती.

त्याच वेळी काकांचा फोन आला. ते मला अधूनमधून गावाची खबर विचारायचे. मी व्हिडिओ सुरू केला आणि फोन तळ्याकडे धरला. पलीकडून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

मग काका म्हणाले, "तिला म्हन, जाळं डावीकडून सोड. वारं तिकडून हाय."

मी ओरडून सांगितलं. कौसामावशीनं ऐकलं आणि जाळं डावीकडून सोडलं.

"संगं कोन हाय?"

"माय हाय."

"तुझी माय? पान्यात?" ते हसले. हसता हसता त्यांनी फोन खाली ठेवला असावा, कारण मला फाटकाचं छत दिसायला लागलं. थोड्या वेळानं चेहरा परत आला. मासा लागतो का, त्यांनी विचारलं. मी खरं तेच सांगितलं. थोडा लागतो. सकर हायेतच, पण लहान हायेत, मोठे कमी दिसतात. ते मान हलवत राहिले. दिवाळीच्या आधी ते परत आले. गणेशनं राग धरला नाही, उलट येताना बापाबरोबर जाड हातमोज्यांचा एक जोड पाठवला.

तेव्हापासून दर वैशाखात आमचं गाव तळ्यात उतरतं. कुठल्या पंचांगात हा दिवस नाही. पाणी दोन डोहांवर आलं की तो येतो. सकर संपलेला नाही, संपणारही नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे आणि त्याचं कुणी दुःखही करत बसत नाही. जसं तण दरवर्षी काढतो तसं हेही. लग्न होऊन गेलेल्या मुली त्या वेळेला माहेरी येतात, पाथरीहून, पूर्णेहून. जाळी पूर्वीइतकी फाटत नाहीत. मरळ पुन्हा टोपलीत दिसते. शिंपले अजून परतलेले नाहीत. अभ्यासवाल्या बाई दरवर्षी येऊन गाळ चाळून बघतात आणि म्हणतात, त्यांना वेळ लागतो. मी आता माझ्या घरी कैऱ्या चाकूनं सोलते.

कधी कधी ऑफिसात काम करता करता मला वाटतं, लहानपणी मी ज्या उन्हाळ्यावर जीव टाकला तो हा नव्हे. त्या उन्हाळ्यात पाणी उतरायचं आणि आम्ही नुसते घ्यायचो, फळं, मासे, शिंपले, सावलीतल्या दुपारी. हा उन्हाळा मेहनत मागतो. तरी याच्यावर माझं प्रेम कमी नाही. बहुतेक जास्तच आहे.

यंदाही मायचा फोन आला आणि मी गेले. टेकाडावरून तळं दिसलं, आटत आलेलं, कडेनं हिरव्या वेलांची किनार. माय काठावर लिंबाखाली बसली होती. तिचा गुडघा या हिवाळ्यापासून दुखतो, तराफ्यावर मांडी घालून बसवत नाही. काकांना ताप होता, ते घरी निजले होते. कौसामावशी तराफा पाण्यात ढकलून, वल्हं घेऊन उभी होती आणि कुणाचीतरी वाट बघत होती. मला पाहून तिनं मायकडे बघितलं.

माय म्हणाली, "माज्या जागी ही बसल."

मी म्हणाले, मला पोहता येत नाही. माय म्हणाली, मला तरी कुठं येत होतं. तिनं लिंबाला टेकवलेली ट्यूब माझ्याकडे सरकवली आणि स्वतःच्या हातानं माझ्या कमरेला दोरी आवळली, लहानपणी परकराची नाडी आवळायची तशी, जरा जास्तच घट्ट. चपला काठावर राहिल्या. तराफा माझ्या वजनानं एका बाजूला कलला, मी दचकून कौसामावशीचा पदर धरला.

"पान्याकडं बगू नको," ती वल्हं टेकवत म्हणाली. "माज्याकडं बग."

मी तिच्याकडे बघितलं. काठ मागे सरकायला लागला.